यादीत नसलेलं बटण

निमगाव सावाच्या भागुजी गवंड्यांना वाचता जेमतेम यायचं, पण लेकीनं टाईप केलेला कागद ते उन्हाकडं धरून बघायचे. रबरानं खोडलेलं असलं की कागद तिथं पातळ दिसतो. "हितं काय झालं?" म्हणत ते नेमकं बोट ठेवायचे आणि यशोधरा मान खाली घालून मशीनला दुसरा कागद लावायची. दहावी होताच त्यांनी तिला नारायणगावच्या टायपिंग क्लासला घातलं होतं. भावकीत कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "थापी माझ्या हातात आली तेवढी पुरे. पोरीच्या हातात नको."

यशोधरानं मराठी टायपिंगच्या, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्द अशा दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात काढल्या. पुढं एसटीच्या वर्कशॉपमधल्या कपिलशी लग्न होऊन ती जुन्नरला आली आणि लेक वैष्णवी दोन वर्षांची झाल्यावर एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्याच्या ऑफिसात कामाला लागली. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. जीप ठरलेल्या वारी पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांना जाते. ब्लडप्रेशरच्या, साखरेच्या, फिटच्या गोळ्या पेशंटला अठ्ठावीस दिवस पुरतील एवढ्या द्यायच्या, पहिल्या वेळी चार दिवसांच्या जादा, आणि एकोणतिसाव्या दिवशी पुन्हा त्याच गावात हजर व्हायचं. कुणाला कुठली गोळी, कधी द्यायची, हे सगळं सांभाळायचं काम ऑफिसचं. आधी ते यशोधराच्या रजिस्टरमध्ये होतं. मग बाळासाहेबांनी ते कॉम्प्युटरवर आणलं.

बाळासाहेब घाटघरचे. दवाखान्यात औषधं मोजून पुड्या बांधायचं काम त्यांचं. कॉम्प्युटरचा एकच सरकारी कोर्स त्यांनी केलेला. बाकी सारं मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेले. एक्सेलच्या तक्त्यात त्यांनी सातशे पेशंटांची नावं भरली आणि त्यावर मॅक्रो लिहिले. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला एकदा शिकवून ठेवलेलं काम. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरायचं, वर एक अक्षर दाबायचं, की ते काम आपोआप होतं. जी दाबून गावाचं नाव घातलं की त्या गावाची यादी प्रिंटरमधून बाहेर येई. यशोधरा त्यांना म्हणायची, "भाऊ, तुम्ही तर जादूगारच झालात." ते म्हणायचे, "जादू कशाची ताई, आळशी माणसाचं डोकं हाये हे."

मग गेल्या वर्षी आषाढात बाळासाहेबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुण्यातल्या दवाखान्यात महिनाभर राहून ते घाटघरला घरी परतले, ते तोंडात एकच शब्द घेऊन. काहीही विचारलं तरी "बरं" म्हणायचे. पाणी हवं असलं तरी बरं आणि नको असलं तरी बरं.

ऑफिसचा भार यशोधरावर आला. तिला तीनच बटणं माहीत होती, गावाची यादी काढायची, नवा पेशंट घालायची आणि पुडीवरच्या चिठ्ठ्या छापायची. बाकीचं ती हातानं करायची. फेरी झाली की एकेका पेशंटची पुढची तारीख टाईप करायची. बाळासाहेब हेच काम चुटकीसरशी कसं उरकायचे, याचं तिला नवल वाटे. पण विचारणार कुणाला?

त्याच वर्षी भाद्रपदात, भात पोटरीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. गुरुवारी सकाळी ऑफिस उघडलं तर पायरीवर घाटघरचे कुशाबा बसलेले. साठीचा माणूस, पहिल्या एसटीनं आलेला. हातात गोळ्यांची रिकामी होत आलेली पट्टी.

"बाई, मंगळवारी गाडी आली व्हती. सिस्टर म्हणल्या, सखूबाईचं नाव यादीत न्हाई. मी म्हणलं असंल काय तरी. पर आता दोनच गोळ्या ऱ्हाईल्यात. आज रातची आन् उद्याची."

सखूबाई म्हणजे त्यांची बायको. तिला फिट यायच्या. गोळी चालू असल्यापासून सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. त्याआधी ती एकदा चुलीजवळ पडली होती आणि डाव्या हाताला भाजलं होतं, हे यशोधरानंच कधीकाळी रजिस्टरमध्ये लिहिलेलं.

"मग तुम्ही सिस्टरना सांगितलं नाही, की नाव असायलाच पाहिजे म्हणून?"

"आमी काय सांगनार? कागदावर न्हाई म्हणल्यावर न्हाई." कुशाबांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच यशोधराला जास्त लागलं.

तिनं त्यांना बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि तक्ता उघडला. सखूबाईची पुढची तारीख बरोबर चार आठवडे पुढची दिसत होती. मागच्या फेरीची छापील यादी तिनं फाईलमधून काढून शेजारी ठेवली. त्यावर सखूबाईच्या नावापुढं पुढची तारीख म्हणून हा मंगळवारच होता. तिनं खालचं नाव बघितलं. त्याचंही तसंच. त्याच्या खालचंही. सातशे नावांमधली एकूण एक तारीख अठ्ठावीस दिवस पुढं सरकलेली.

सोमवारी संध्याकाळी घाटघरची यादी काढली तेव्हा अडतीसऐवजी अकराच नावं आली होती, मागच्या फेरीला पावसानं येऊ न शकलेल्यांच्या जुन्या तारखा सरकून या मंगळवारवर आल्या होत्या तेवढीच. तिला ते खटकलंही होतं. पण पावसाळ्यात वाट बंद होईल म्हणून डोंगरातल्या लोकांना कधीकधी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. तसंच असेल, अशी तिनंच स्वतःची समजूत घातली होती. आणि त्याच्या थोडं आधी, काम जतन करताना, स्क्रीन क्षणभर लुकलुकला होता. कंट्रोल आणि एस दाबायचं, पण बोट दुसऱ्या कशावर तरी पडलं होतं. कशावर, ते आठवेना.

ती उठून डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली आणि दार लोटून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून चूक झालीय. घाटघरचे सत्तावीस आणि काल अंजनावळ्याचे नऊ, असे छत्तीस पेशंट गोळ्यांवाचून राहिलेत. गाडी आजच पाठवावी लागेल. मीही जाते."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडं बघितलं. "चूक कशी झाली?"

"ते अजून कळलं नाही. ते शोधणारच आहे. आधी गोळ्या पोचू देत."

दुपारी दोनला गोरख ड्रायव्हरनं गाडी काढली. कुशाबा पुढं बसले, सिस्टर आणि यशोधरा मागं, मांडीवर पुड्यांचे खोके घेऊन. दिवस मावळायच्या आत छत्तीसच्या छत्तीस पुड्या ज्याच्या त्याच्या हातात पडल्या. सखूबाई ओट्यावर नाचणीची कणसं निवडत होती. पुडी घेऊन ती म्हणाली, "एवढ्यासाठी तुमी आलात व्हय? हे येनारच व्हते की परत." तिनं सखूबाईच्या हाताच्या जुन्या डागाकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्यामुळं नाव गळलं होतं, मावशी. पुन्हा नाही गळणार."

बोलून तर बसली. पण कुठल्या बटणानं नाव गळलं, हे ठाऊक नसताना असा शब्द द्यायचा कसा, हे तिला परतीच्या वाटेवर छळत राहिलं.

शुक्रवारी छापील याद्या पुढ्यात ठेवून तिनं साऱ्या तारखा मागं आणल्या. जेवणाच्या सुट्टीत पुण्याला वैष्णवीला फोन लावला. वैष्णवी एका विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर असलेच तक्ते हाताळायची.

"आई, आधी फाईलची कॉपी कर. जे काय खेळायचं ते कॉपीवर."

"केली."

"आता आल्ट धर आणि एफ-आठ दाब. यादी आली?"

"आली. एकोणीस नावं आहेत."

"ते सगळे काकांचे मॅक्रो. एकेकावर ये आणि बाजूला ऑप्शन्स लिहिलंय ते दाब. त्यात छोट्या चौकटीत अक्षर दिसेल. तेच त्याचं बटण. अक्षर मोठ्या लिपीतलं असलं तर शिफ्टसकट, छोटं असलं तर नुसतं कंट्रोल. आणि हे बघ, एक्सेलचं स्वतःचं बटण आणि मॅक्रोचं बटण एकच असलं, तर मॅक्रोच चालतो. वर तो चालला की मागं घेता येत नाही. कंट्रोल झेड दाबून काही उपयोग नाही."

"हे एवढं धोक्याचं, आणि कुठं लिहून ठेवत नाहीत?"

"कुणीच ठेवत नाही, आई. आमच्याकडं पण नाही."

यशोधरानं कपाटातून एक कोरी वही काढली. पानाला तीन रकाने पाडले, नाव, बटण आणि काय करतं ते. मग एकेका नावावर जाऊन चौकट उघडायची, अक्षर उतरवून घ्यायचं, चौकट बंद करायची, कॉपीवर ते बटण दाबून काय होतं ते बघायचं आणि तिसऱ्या रकान्यात लिहायचं. बाळासाहेबांचा खाक्या लवकरच ध्यानात आला. अक्षर नेहमी मराठी शब्दाचं. चिठ्ठीला सी, गोळीसाठ्याला एल, कारण साठ्याचं नाव त्यांनी 'लागणारी औषधं' असं ठेवलेलं. 'मयत'ला एम. तो मॅक्रो तिनं दाबला तेव्हा वारलेल्यांची नावं वेगळ्या पानावर गेली, तारखेसकट, आणि प्रत्येकापुढं बाळासाहेबांनी दोन शब्द लिहिलेले. 'फार हसरी.' 'गाणी म्हणायचा.' हे असं काही तिथं आहे हे दहा वर्षं शेजारी बसून तिला माहीत नव्हतं. ती बराच वेळ ते वाचत बसली.

शनिवारी दुपारी एकोणीसही ओळी भरल्या. तारखा पुढं सरकवणारा एकही मॅक्रो त्यांत नव्हता.

"मग ते आपोआप झालं म्हणायचं का?" तिनं वैष्णवीला विचारलं.

"आपोआप काही होत नसतं. कॉपीवर कंट्रोल आणि शिफ्ट धरून ए पासून एकेक अक्षर दाबत जा."

यशोधरा दाबत गेली. जी अक्षरं वहीत होती ती गाळली. एसवर आली आणि स्क्रीन लुकलुकला. तारखांचा रकाना सबंध अठ्ठावीस दिवस पुढं गेला.

"एस! सरकव!" ती जवळजवळ ओरडलीच. सोमवारी काम जतन करताना करंगळी शिफ्टवर टेकली होती, एवढीच काय ती गोष्ट. "पण हे यादीत का नाही?"

"बटण देण्याची दुसरी एक रीत आहे. फाईल उघडतानाच कोडमधून सांगायचं, की हे दाबलं की ते चालव. तसं दिलेलं बटण त्या चौकटीत दिसत नाही. कोड उघडून ऑनकी हा शब्द शोधावा लागतो."

यशोधरानं कोड उघडायचा प्रयत्न केला. पासवर्ड मागितला गेला.

"आता तू बोट जपून टाक, झालं," वैष्णवी म्हणाली.

"मी जपून टाकेन गं. पण उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तर? त्याला कुणी सांगायचं?"

रविवारी कपिलनं मोटारसायकल काढली. नाणेघाटाकडं जाणाऱ्या पुण्याच्या गाड्यांची रांग लागली होती. दोघांच्या मधे पिशवीत लॅपटॉप, त्यात फाईल. घाटघरला बाळासाहेब पडवीत खाटेवर बसले होते. यशोधराला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. "बरं, बरं," ते म्हणाले.

त्यांची बायको मंगल पाणी घेऊन आली. येण्याचं कारण ऐकून ती ओशाळली. "ताई, नका विचारू त्यांला. परवा पोस्टमननं सही मागितली तर अर्धा घंटा कागद हातात धरून बसले. मंग रडले. लई वंगाळ वाटतं ओ."

पण बाळासाहेबांनी पिशवीकडं बोट दाखवलं. तिनं लॅपटॉप काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि पासवर्डची चौकट उघडून दिली. काही विचारलं नाही.

त्यांचा डावा हात बटणांवर आला. तळवा टेकला. एकेक बोट सावकाश उचललं जाऊ लागलं. चौकटीत एकापुढं एक टिंबं उमटली. एंटर. चूक आहे, असा निरोप आला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा चूक. बाळासाहेबांच्या कपाळावर घाम आला आणि डोळे भरायला लागले. "बरं," ते म्हणाले, पण तो शब्द हुंदक्यासारखा आला. मंगलनं लॅपटॉपकडं हात पुढं केला.

"थांबा जरा," यशोधरा म्हणाली.

तिचं लक्ष त्यांच्या बोटांकडं होतं. क्लासमधल्या मास्तरांनी मनगट टेकवल्याबद्दल तिच्या हातावर कितीदा पट्टी मारली होती. बाळासाहेबांचा तळवा डावीकडच्या बटणांवर पूर्ण दबलेला होता आणि कॅप्स लॉकचा बारीक दिवा लागला होता. ते अक्षरं बरोबरच दाबत असणार. फक्त ती मोठ्या लिपीत उमटत होती.

"भाऊ, तुमचं काही चुकलेलं नाही. हे बघा, दिवा लागलाय." तिनं दिवा बंद केला, खाटेवरची उशी दुमडून त्यांच्या मनगटाखाली ठेवली. "आता करा."

सहा टिंबं. एंटर. कोड उघडला.

मग कपिलच म्हणाला, "वा राव!" आणि मंगलनं पदर तोंडाला लावला. पासवर्ड काय होता ते यशोधरानं ध्यानात ठेवलं नाही. तिनं विचारलंही नाही.

तिनं ऑनकी शोधलं. एकच ओळ होती. तिच्यावर हिरव्या अक्षरांत, इंग्रजी लिपीत पण मराठी भाषेत, बाळासाहेबांनी लिहून ठेवलं होतं, 'हे फक्त फेरी संपल्यावर. मधे दाबू नये, सगळं बिघडेल. म्हणून यादीत ठेवलं नाही.' म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून चालू नये, म्हणूनच त्यांनी ते लपवलं होतं.

बाळासाहेबांनी ती ओळ वाचली, मग यशोधराकडं बघितलं. मंगळवारी काय झालं ते तिनं आल्याबरोबर सांगितलं होतं. सखूबाई त्यांच्याच आळीतली. त्यांनी डावा हात कपाळाला लावला.

"तुमची चूक नाही, भाऊ. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. माझं बोट घसरलं. आणि अकरा नावं बघून मी गप्प बसले, ती तर सरळ माझीच चूक." तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आता हिचं काय करू? काढून टाकू?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. लॅपटॉप स्वतःकडं ओढला. बोट त्या ओळीच्या सुरुवातीला नेलं आणि तिथं फक्त एक अवतरणचिन्ह टाकलं. सबंध ओळ हिरवी झाली. कॉम्प्युटर हिरवी ओळ वाचतो पण पाळत नाही, हे यशोधरा नंतर शिकली. त्या वेळी तिला एवढंच कळलं, की ओळ तिथंच आहे आणि आता काही करणार नाही. तिनं आपल्या बोटांकडं नीट बघून कंट्रोल आणि एस दाबलं. फाईल बंद करून पुन्हा उघडली, मग शिफ्टसकट एस दाबलं. तारखा जागच्या हालल्या नाहीत.

त्या दिवशी मंगलनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी. जेवताना यशोधरानं वही काढून बाळासाहेबांना दाखवली. ते डाव्या हातानं पान उलटत होते. सतराव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि मान नाही म्हणून हलवली. तिथं तिनं 'काहीच करत नाही' असं लिहिलं होतं. त्यांनी कॉपी उघडायला लावली, एका पेशंटच्या नावावर आधी क्लिक केलं आणि मग बटण दाबलं. त्या माणसाची पहिल्या दिवसापासूनची सगळी औषधं एका पानावर आली. यशोधरानं तिथल्या तिथं ओळ खोडून नवी लिहिली.

डॉक्टरबाईंना तिनं सोमवारी सगळं सांगितलं, आपण गप्प बसलो होतो तेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक नियम घालून दिला. कुठल्याही गावाची यादी मागच्या फेरीपेक्षा पाचाहून जास्त नावांनी कमी आली, तर गाडी निघण्याआधी दोघींनी मिळून ती तपासायची. बाळासाहेबांचं विचारलं तर म्हणाल्या, "आपली गाडी दर मंगळवारी घाटघरच्याच वाटेनं रिकामी सीट घेऊन परत येते. त्यांना यायला जमत असेल तर येऊ देत की."

जमलं. एका आड एक मंगळवारी ते येतात, मुक्काम बहिणीकडं करून बुधवारच्या गाडीनं परत जातात. पुड्या बांधता येत नाहीत, पण याद्यांवर नजर टाकतात. कॅलेंडरवर बोट ठेवून तारीख सांगतात. बोलणं शिकवायला एक बाई येतात. हिवाळ्यात 'चहा' आणि 'मंगल' हे दोन शब्द आले, उन्हाळ्यात 'ताई' आला.

यंदा संस्थेनं आंबेगाव तालुक्यात घोडेगावला दुसरी गाडी सुरू केली. तिथं हर्षाली नावाची मुलगी कामाला घेतली. तिला तक्ता समजावून द्यायला यशोधराच गेली. हर्षाली चटपटीत. बसल्या बसल्या तिनं विचारलं, "ताई, कुठली कुठली बटणं आहेत ती लिहून द्या ना मला."

यशोधराच्या पिशवीत वहीची झेरॉक्स होती. ती तिनं काढली नाही.

"देईन. पण आधी तू शोध. आल्ट धर आणि एफ-आठ दाब. आणि एकोणीस सापडले म्हणून थांबायचं नाही. त्याच्यापुढं कुठं बघायचं ते मी दाखवते."

हर्षालीनं कोरी वही उघडली, खुर्ची पुढं ओढली आणि पहिल्या नावावर येऊन ऑप्शन्स दाबलं. बाहेर नव्या गाडीचा ड्रायव्हर खोके चढवत होता. यशोधरा तिच्याशेजारी बसून, ती काय लिहिते ते बघत राहिली.